तिसरी तोटी

रुस्ताक मागे पडलं, मग खजुरांची लांब रांग,
मग डोंगर, गंजल्या लोखंडासारखे,
आणि परकारभाईंनी गाडी थांबवली: "आलं बघा तुमचं उन्हाळं."

किती वर्षांनी ऐकला हा शब्द.
उन्हाळा पुल्लिंगी, तो इथे बारा महिने घरजावई.
उन्हाळं नपुंसकलिंगी: कढत पाण्याचा झरा,
आमच्या तुरळला ज्यात आत्या अंडी उकडून बघायची
आणि अर्धीकच्ची निघाली की देवाला बोल लावायची.

इथे पायऱ्यांवर दोन म्हातारे
दिशदाशा गुडघ्यांवर घेऊन, पाय पाण्यात सोडून
कोणाच्या तरी बकरीची किंमत ठरवत होते.
मी अंगठा घातला, काढला, परत घातला.
गंधकाचा वास ओढणीला धरला तो धरलाच.
पुढे पाणी फलजमध्ये शिरतं. "पाटच की हा,"
परकारभाई म्हणाले. पाटच.
फक्त पोफळीऐवजी खजुरी पितात.

आठवड्याचे सहा दिवस मी मस्कतला
डायलिसिसच्या यंत्रांना पाणी पाजते:
चव काढलेलं, क्षार काढलेलं,
ज्याला स्वतःचं काही म्हणणं उरलेलं नसतं.
हे पाणी बोलकं होतं. घोटभर प्यायले, जिभेवर खिळा ठेवल्यासारखं.

मग बाटलीघर.
नवा गिलावा, गार हवा, बुटांवर चढवायच्या पिशव्या.
काचेमागे हिरव्या बाटल्या, प्रत्येकीच्या गळ्यात गोटी,
लेबलावर ओरिक्स, शिंगं जरा जास्तच लांब,
किंमत बैशात (पैशाचंच ते समुद्रापलीकडचं भावंड).
आणि कोपऱ्यात, दुरुस्ती करणाऱ्यांनी
हातभर जुनी भिंत तशीच ठेवलेली, वर काच,
खाली पाटी: कामगारांनी काढलेली नक्षी.

नक्षी नव्हती ती.
कोळशाने, घाईत, शिरोरेघ न देता:
भरल्या ३४०
फुटल्या ७
आणि त्याखाली तिरकं, जागा संपत आली म्हणून अक्षरं दाबून
तिसरी तोटी गळते

नाव नाही. गाव नाही. तारखेतला एक आकडा पुसलेला.
पण त्या ळ ला दोन वेटोळी होती, नीट, सवयीची.
बाकी सगळं घाईत लिहिणारा माणूस
ळ पाशी थांबला होता.
सात का फुटल्या, त्याचं कारण देत असावा.
कोणाला? भिंतीला.
सातांचे पैसे कोणाच्या पगारातून गेले
ते भिंतीवर नाही, पाटीवर तर नाहीच.

मी पहारेकऱ्याला हाक मारली. खलफान त्याचं नाव,
हिंदी माझ्याहून बरी.
वाचून दाखवलं, अर्थ सांगितला.
तो आधी काचेकडे बघत राहिला, मग माझ्याकडे,
मग काही न बोलता मला यंत्रापाशी घेऊन गेला.
सहा पितळी तोट्या, लग्नातल्या समया घासाव्यात तशा घासलेल्या,
झऱ्याचं पाणी आत खेळवलेलं, शाळेच्या मुलांना दाखवायला.
तिसरीखाली रंगाची निळी बादली.

"दोन वर्षं," खलफान म्हणाला. "तीन मिस्त्री.
एक तर सलालाहून आणला."
आणि हसायला लागला, पोट धरून,
म्हणजे बुटातल्या पिशव्या फाटेपर्यंत.
मीही हसले. थेंब पडत होता, पडत होता,
आमच्या हसण्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

बाहेर परकारभाईंचा हॉर्न, जुम्म्याची वेळ झालेली.
दाराशी शेऱ्यांची वही:
छान, फार छान, शुक्रान, एका पोराने काढलेला उंट.
मी तारीख घातली. शिरोरेघ दिली.
लिहिलं: अजून गळते.

खलफानने विचारलं, काय लिहिलंत?
म्हटलं, तक्रार.
त्याने खण उघडला, शिक्का शोधला,
फुंकर घातली,
आणि रीतसर मारला.