मे दुपार दोन

कन्ना चौकातल्या स्टुडिओत एसी आहे तो कॉम्प्युटरसाठी,
असं राजमल्लू शेठ सांगतात. आम्ही आपले फुकट गार.
बाहेर चव्वेचाळीस.
पडद्यावर येमुलांच्या अंबिकेचं लग्न, सहाशे चाळीस फोटो,
मांडवाच्या पिवळ्या कापडातून गळलेलं ऊन
सगळ्यांच्या कपाळावर बसलेलं.

पहिला फोटो मी हातानं करते.
एक्स्पोजर अर्ध्यानं खाली. हायलाइट्स ओढत राहायचे
नवरदेवाच्या पांढऱ्या शर्टाला घडी दिसेपर्यंत.
सावल्या जरा वर, म्हणजे मागच्या रांगेतल्या
चुलत्यांना डोळे येतात.
व्हाइट बॅलन्स निळ्याकडे,
थोडा, इतकाच, अजून एक टिचकी... नको, मागे.
पिवळ्या-नारिंगीची गडदी कमी.
मांडवाचा वाकडा बांबू सरळ (तो मात्र
दर फोटोत नव्यानं वाकडा असतो).
मग हे सगळं एका नावाखाली बांधून ठेवायचं.
मी लिहिते: मे दुपार दोन.
एक नंबर मागच्या वर्षीचा. त्यात सगळे आजारी दिसतात.

उरलेले सहाशे एकोणचाळीस निवडून एक क्लिक.
खालची पट्टी भरत जाते.
नायना डबा घेऊन आलेत, मागे उभे.
जॅकार्डचे पुठ्ठे पाडायचे ते, एकतीस वर्षं.
मागांनी कान नेले, म्हणून ओरडूनच विचारतात,
"किती भोकं?"

भोकं नसतात नायना, आकडे असतात.
"तेच की. भोक असलं तर सुई आत, दोरा वर.
नसलं तर दोरा खाली. एकदा पुठ्ठा पाडला
की मागावर कुणी का बसेना, मोर तोच येणार."
मग थांबून, "पाय मोजलेस?"

एका पुठ्ठ्यात कधीतरी त्यांचं भोक चुकलं होतं
आणि तीनशे चादरी बाजारात गेल्या,
एका पायाच्या मोराच्या.
एकही परत आली नाही. तेच त्यांना अजून सलतं.

मी पाय मोजले नाहीत.

अल्बम न्यायला अंबिकेची आई आली, एल्लम्मा.
बोटाला थुंकी न लावता, एकेक पान जपून उलटलं.
हळदीच्या पानावर थांबली.
"हे हात कुणाचे गं?"
लेकीच्या गालाला हळद लावणारे दोन हात,
मनगटात बांगड्या तिच्याच.
पण बोटं नितळ, जाहिरातीतल्या बाईची.
रोज हजार विड्या वळून
अंगठ्यात मुरलेला तंबाखूचा रंग
मी ऊन समजून काढून टाकला होता.

शेठ म्हणाले, चांगलंच झालं की, वेगळे पैसे नाहीत.
एल्लम्मा हसली. हात पदराखाली नेले.

रात्री फाइल उघडली.
चादरीचं एक असतं, विणलं ते विणलं.
इथं मूळ फोटो खाली तसाच पडून,
सगळं ऊन अंगावर घेऊन.
नारिंगी परत शून्यावर आणला.
बोटं आली.
चेहरा मात्र पुन्हा भाजला, मग तो वेगळा, ब्रशनं,
केस सोडून, हळद सोडून, पाऊण तास.
हे काही बांधून ठेवता येईना.
पुढच्या लग्नात कुणाचे हात
नेमके याच जागी थोडेच असणार.

नवं पान घेऊन विडी घरकुलात गेले.
एल्लम्मा उंबऱ्यात बसलेली, मांडीवर सूप, सुपात पानं.
तिनं फोटोतल्या अंगठ्याशेजारी आपला अंगठा ठेवला,
दुकानात दोऱ्याचा रंग जुळवतात तसा.
बराच वेळ.
मग म्हणाली, "हे बरोबर आलं.
पण बांगड्या हिरव्या होत्या की गं,
काळ्या कशा झाल्या?"

खरंच काळ्या होत्या.
बांगड्यांकडे मी बघितलंच नव्हतं.