जरा पातळ

सप्टेंबरात ग्वेनिथ कुंपणावरून बादली पुढे करते,
"घे बाई, या वर्षी झाड नुसतं माजलंय."
डॅमसन. आलुबुखारची ही गरीब चुलतबहीण,
नखाएवढी, निळी, अंगावर धुकं घेऊन आलेली.
कच्ची खाल्ली तर दात आंबतात
आणि दुसऱ्या दिवशीही तिची आठवण काढतात.

बिया आधी काढायच्या नसतात.
उकळीत त्या आपल्या आपण वर येतात, एकेक,
उशिरा पटलेल्या गोष्टींसारख्या.
झाऱ्याने टिपायच्या, मोजायच्या नाहीत.
मी मोजते.
काल दोनशे अकरापर्यंत पोचले होते,
तेवढ्यात केंडलची बस चढाला लागली आणि आकडा सुटला.

सासूबाईंच्या वहीत फळाचं माप पौंडात आहे,
आणि साखरेपुढे एकच शब्द: पुरेशी.
अंत्यविधीच्या केकचे तुकडे
माणसं मोजून कापणारी बाई ती,
साखरेपाशीच तिचा हात का आखडला कोण जाणे.
पंचेचाळीस वर्षं झाली. पुरेशी म्हणजे किती,
मी अजून चाखून बघते आहे.

बुधवारी रात्री आठला ती जुनी मालिका लागते.
दोन भाऊ, एक फेरीबोट,
आणि सात वर्षांत बोट धक्क्यावरून हललेली नाही,
एवढंच कथानक.
तिसऱ्या भागात मावशी बॅग घेऊन येते,
विचारते, "कधी सुटणार?"
थोरला मनगटावरचं घड्याळ बघतो. घड्याळाला काटे नाहीत.
"ही काय, आत्ताच," म्हणतो.

लोक हसतात. लोक म्हणजे त्या नोव्हेंबरात
मँचेस्टरच्या स्टुडिओत कोट न काढता बसलेले तीनशेजण;
त्यात बुटांच्या कारखान्यातून
फुकट पासावर बस भरून गेलेले आम्ही.
हसू ओसरतं. धाकटा तोंड उघडतो.
आणि मग, सगळे थांबल्यावर,
गंजलेल्या फाटकासारखं एकच हसू येतं.

हेडली.
विनोद त्याला नेहमी एक थांबा पुढे जाऊन कळायचा.

मी त्याच्या शेजारी होते.
नव्या बुटाने टाच सोलली होती,
आणि बसमध्ये त्याने माझं सँडविच खाल्लं होतं,
विचारून, पण मी हो म्हणायच्या आत.
म्हणून मी हसले नाही.
तेही आहे तिथे, कान देऊन ऐकलं तर:
त्याच्या डाव्या हाताला
एक माणूस मावेल एवढी शांतता.

ग्वेनिथ म्हणते, आता सगळे भाग मिळतात,
हवा तो, हवा तेव्हा, लावून देऊ का?
नको म्हटलं.
तो हवा तेव्हा कधी मिळाला होता?
जेवायलासुद्धा चार हाका लागायच्या.

काल पाक अगदी भरात आला होता,
बुडबुडे जड झाले होते, डबक्यातल्या बेडकांसारखे बोलत होते,
फ्रीजरमध्ये बशी गार होत होती,
आणि बाहेरच्या खोलीत मावशीची बॅग धक्क्यावर आपटली.
मी गॅस बंद केला. झारा हातातच.
गालिच्यावर तीन थेंब पडले, ते अजून आहेत.

परत आले तर उकळी बसलेली.
बशीवर चमचाभर टाकलं, बोटाने मधून रेघ ओढली.
रेघ राहायला हवी.
ती सावकाश बुजली, दोन्ही काठ एकमेकांना भेटले,
जसं काही कुणी बोट लावलंच नव्हतं.
आणखी दहा मिनिटं आच दिली असती तर जमलं असतं.
नाही दिली. पाय दुखत होते.

अकरा बरण्या.
रात्री अंधारात झाकणं टक् टक् आत बसत गेली,
पलंगावरून दहा मोजली.
अकरावीसाठी बराच वेळ जागी राहिले.
ती वाजलीच नाही; सकाळी तीच फोडली,
लापशीवर ओतली, चांगली लागली.

बाकीच्यांवर चिठ्ठ्या डकवल्या:
फळाचं नाव, साल,
आणि ग्वेनिथच्या बरणीवर, ती बोलायच्या आत,
खाली बारीक अक्षरात: जरा पातळ.