सावल्या : बंद

अंबडहून सेकंड शिफ्ट करून येतो,
हात दोनदा धुतो, तरी बोटांना कूलंटचा वास,
आणि त्याच बोटांनी
रात्री साडेबाराला ड्रॅगनवर धावून जातो.

ड्रॅगन अडखळतो.
आग आधी लागते,
तोंड नंतर उघडतं.

एम. जी. रोडचा चांदवडकर म्हणाला,
"छत्तीस हजार. पण सप्लाय पुरणार नाही तुझा.
कॅबिनेटही दोन बोटं कमी पडेल."
म्हणजे पाहुणा यायचा
तर आधी भिंत पाडा.

बोनसनं भागून पाहिलं,
ओव्हरटाइमनं भागून पाहिलं.
बाकी उरतेच.

रविवारी कार्ड उपसून गॅलरीत नेलं.
पंख्यात सिडकोची धूळ, उदबत्तीची काजळी,
आणि पात्याला गुंडाळलेला
एक लांब, मेंदीचा केस.
वृंदाताईचा.
शेजारी स्टूल ओढून बसायची,
"डावीकडे रे, डावीकडे!" ओरडायची,
आणि मी हमखास उजवीकडे मरायचो.
आता बाणेरला असते.
फोनवर विचारते, "अजून तेच कार्ड?"

दाढीच्या ब्रशनं धूळ झाडली.
शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.
पंखा खाकरला, मग गप्प फिरू लागला.

सेटिंगमध्ये जाऊन
सावल्या बंद केल्या.
झाडं, घोडा, किल्ला, मी,
कुणाच्याच पायाशी काही नाही.
पण पळतंय बघ कसं!
ड्रॅगन वेळेवर तोंड उघडतो
आणि वेळेवर मरतो.

चांदवडकरला मेसेज टाकला :
भाव उतरला तर कळव.
त्याचा नुसता अंगठा आला.

कॅबिनेट मात्र
आतून मोजून ठेवलंय.