गळ्याचं माप

सत्तावीस वर्षं मी गळे कापले.
पानगळा, मटका गळा, मागे दोरी, पुढे बेताचा.
अर्ध्या नंदनवनातल्या बायकांचे आकडे
माझ्या वहीत आहेत, नावानिशी.
माझा कुठल्याच पानावर नाही.

मे महिना. पारा सेहेचाळीसवर
आणि मी कूलर बंद करून
शाल पांघरून मशीनवर.
"काहून बंद केला वं?" हे ओरडायचे,
तृप्ती उठून चालू करायची, मी पुन्हा बंद.
आधी घरात त्याचं हसू झालं.
मग हसू थांबलं.

बॉबिनला दोऱ्यासोबत माझे केस गुंडाळून यायचे.
आवाज इतका घोगरा, की फोनवर गिऱ्हाईक म्हणे,
"दादा, ताई आहेत का?"
हेडाऊंच्या नवरीचा ब्लाउज मी
एकाच बाहीचा घडी घालून दिला.
वय झालं, म्हणाले लोक. आळस, म्हणाले.
मीही म्हणाले, असेल.

रजनी वासनिक लॅबमध्ये रक्त काढते.
तिच्या मानेभोवती टेप धरून मी आकडा वाचत होते,
ती माझ्या मानेकडे पाहत होती.
"ताई, जरा थूक गिळा.
पुन्हा."
मग टेप माझ्याच हातातून घेऊन बाजूला ठेवली.
"तुमच्या आईला होतं का असं काही?"

आई भर उन्हाळ्यातही
पदर गळ्याभोवती घट्ट घ्यायची.
आम्हाला वाटायचं, सवय.

एक नळी रक्त. ब्लाउजच्या हुकाएवढीच टोचणी.
संध्याकाळी कागद: टीएसएच अठ्ठेचाळीस.
शेजारी छापलेलं माप अर्ध्यापासून पाचपर्यंत.
मी म्हणाले, डॉक्टर, जास्त आहे म्हणजे
जास्तच काम करते ना ती?
धंतोलीतला तो तरुण डॉक्टर हसला नाही.
"उलट आहे. गळ्यातली ग्रंथी मंदावली,
म्हणून मेंदूखालची दुसरी तिला हाका मारते.
ही जितकी गप्प, तितकी ती मोठ्यानं.
हा आकडा म्हणजे त्या हाकेचा आवाज."

इतकी वर्षं कोणी तरी
माझ्याच आत
माझ्यासाठी ओरडत होतं.

त्या रात्री उमरेडला फोन लावला, नणंदेला.
उज्ज्वला वाळत चालली आहे, खाते दोघींचं,
हात असा कापतो की सुईत दोरा जात नाही,
छातीत मोटार अडकल्यागत धडधड.
नजर लागली म्हणून गळ्यात ताईत बांधलाय.
जागा बरोबर होती गं, म्हटलं.
उद्या रक्त दे.
तुझी मशीन थांबतच नाही, माझी चालत नव्हती,
कारागीर एकच असेल.

गोळी पहाटे, नुसत्या पाण्यासोबत.
तासभर चहा नाही. तो तास फार लांब असतो.
सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त, म्हणजे ट्रायल.
पहिल्या ट्रायलला घट्टच निघालं,
डोस वाढवला. चमत्कार वगैरे काही नाही,
केस अजून गळतात, थोडे कमी.

कापताना आम्ही शिवणीच्या आत
बोटभर कापड जास्त सोडतो,
पुढे अंग बदललं तर उसवता यावं म्हणून.
त्याला माया म्हणतात.
गिऱ्हाइकांच्या कपड्यात मी ती कधी चुकवली नाही.

वहीत नवं पान काढलं आहे:
धकाते कुमुद. गळा साडेतेरा.
खाली तारखा, आकडे.
काल ऑक्टोबरच्या दुपारी
काजं करता करता कपाळावरून काही ओघळलं.
पुसून पाहिलं.
घाम.
मी आत ओरडले, "तृप्ती,
कूलर कोण बंद केला वं?"