फाटक

वेचणीचे दिवस, म्हणून
सकाळची उपासना संध्याकाळी नेली.
मंडळी येते ती कापसासकट.
पदराला, केसांना, पोरांच्या स्वेटरला पांढरे तंतू,
आणि बोंडांनी ओरबाडलेली बोटं
गीतपुस्तकाच्या पानांत अडकतात.

पाळकसाहेबांकडे सहा गावं, एक मोटारसायकल.
आमच्या वाट्याला महिन्यातला दुसरा रविवार.
बाकीचे आम्हीच निभावतो.

यंदा बैलगाडीच्या जुन्या चाकाची धाव घेतली,
तिला संत्र्याच्या डहाळ्या गुंडाळल्या,
चार मेणबत्त्यांची जागा केली.
तीन जांभळ्या दारव्ह्यात मिळाल्या. गुलाबी नाही.
दुकानदार म्हणाला,
"लाल घ्या नं बाई, जळल्यावर काय फरक पडते?"
मी पांढरी घेतली.
एस्तेरच्या पोरीनं ती रात्रभर बिटाच्या पाण्यात ठेवली.
मेणाला रंग चढला नाही,
वातीला चढला.

आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा,
कडुनिंबाला तारेनं टांगलेला,
त्या छोट्या गाडीच्या रुळाचा.
गाडी बंद पडली, रुळांत गवत माजलं,
लोक तिथे तूर वाळवू लागले.
सीलासबुवांनी हा हातभर तुकडा
कुठून, कोणाला विचारून आणला,
मंडळीनं कधी विचारलं नाही.
तीस वर्षं ते त्या गाडीचे फाटकवाले.
आता ऐकू कमी, एका डोळ्यात मोतीबिंदू,
पण ठोके बरोबर नऊ
आणि दोन ठोक्यांमधलं अंतर
पट्टीनं मोजल्यासारखं.

फळ्यावर खडूनं लिहिलं होतं:
आगमनकाळ, रविवार दुसरा.
पाळक यायचे होते.
साडेसहा झाले. सात झाले.
मेणबत्ती न पेटवता आम्ही बसून.
अर्धे पुरुष हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेले,
फोन लागेना,
आणि सव्वासातला लाइन गेली.
पोट्टे ओरडले, मग गप्प झाले.
दाराखालून थंडी आत आली, ओल्या मातीच्या वासाची.
मागून कोणी म्हणालं, पेटवून मोकळे होऊ,
सैपाक पडला आहे अजून.

तेव्हा सीलासबुवा उठले.
मंडळीत ते कधी बोलले नव्हते.
अंधाराकडे तोंड करून म्हणाले,
"गाडी दिसल्यावर फाटक लावत नसतात.
मांगच्या टेसनावरून फोन आला, का लावाचं.
मंग गाडी घंट्यानं येवो, का दोन घंट्यानं.
लोकं शिव्या देत. एकडाव तं वरात अडकली,
नवरदेव घोड्यावरून उतरून आला भांडाले.
कुठी आहे तुही गाडी, दिसून तं नाही ऱ्हायली.
मी म्हनो, दिसत नाही.
निंगाली आहे."
थोडं थांबून:
"मले तेवढंच काम येत होतं."
बसले. खोकले.

आमेन कोणी म्हटलं नाही.
एस्तेरनं झोपलेल्या पोरीवर पदर ओढला.
सैपाकाचं बोलणारी बाई
चप्पल काढून पुन्हा सतरंजीवर टेकली.
आठ वाजता मी काडी ओढली.
मेण बोटांच्या चिरांवर ओघळलं, झोंबलं.
पाळक मंगळवारी आले, पायी,
मोटारसायकल ढकलत.

तिसऱ्या रविवारी ती पांढरी पेटवली.
पोरीनं आईला कोपर मारलं:
दिसली का, गुलाबी?
आई म्हणाली, दिसली.

आज चौथा.
झाडायला मी लवकर आले, तर बुवा निंबाखाली,
रुळाला तळवा लावून उभे.
पूर्वी असंच कळायचं त्यांना,
कान लावायच्या आधी हाताला.
पण हा तुकडा दोन्हीकडून कापलेला,
झाडाला टांगलेला,
कुठेच जात नाही.
मीही हात लावून पाहिला.
चिरांना गार वाटलं, एवढंच.

"साडेसहा झाले का?"
"पाच मिनिटं आहेत."
"असू दे," म्हणाले,
आणि हात काढला नाही.