नरक्या

सागरमाळावर तीस अंशांत शेकर हलतोय रात्रभर.
चंबूत काकवी, काकवीत यीस्ट,
यीस्टच्या पोटात नरक्याची चार जनुकं;
बाकीची अजून रुसलेली.

ज्ञानूमामा राधानगरीच्या रानात
नरक्या तोडायचा, किलोच्या भावानं.
कोण नेतं, कशाला, विचारलं नाही.
"घाण मारतंय लाकूड," एवढंच.
पुढं मामीच्या सलाईनमधून
तेच झाड थेंब थेंब उतरलं.

आज कागदावर शिखर उमटलं,
मुंगीएवढं.
"कचरा असेल," मॅडम म्हणाल्या, "परत लाव."

मी आधी मामाला फोन लावला.
"कुऱ्हाड न लावता?"
गप्प झाला. कोल्हापूरच्या बाजूनं नुसता शेकरचा आवाज.
मग म्हणाला, "वास येतोय का त्याचा?"

बूच काढून हुंगलं.
पावाचा येत होता,
गुळाचा थोडा.