जुनं गावठाण

औशाच्या बसस्टँडमागे, लोखंडी जिन्याखाली
माझी कवळ्यांची लॅब.
वर डॉक्टर काझी मॅडम दात काढतात,
खाली मी बसवायचे तयार करतो.
मधे जिन्याच्या चौदा पायऱ्या, आणि रुमाल.

आज नागरबाई आल्या. वयाची छप्पन्न.
खालच्या ओळीत शेवटचे सहा, मिश्रीनं काळे,
बोट लावलं की हो म्हणत होते.
मॅडमनी हिरडीकडेचं किटण खरवडलं,
काचेवर टेकवलं, वर थेंबभर पाणी,
आणि पडदा त्यांच्याकडं फिरवला.

"अगं माय! हे काय वळवळतंय?"
"तुमच्या तोंडातली वस्ती."
"मला इचारल्याबिगर?"

मी माप घ्यायला वर गेलेलो, तसाच थांबलो.
मॅडम सांगत होत्या,
जिभेच्या मागच्या खडबडीत माळावर एक जात राहते,
तांदुळकुंद्र्याच्या भाजीतलं काही घेते
आणि पुढं धाडते, रक्ताचा दाब उतरवायला.
हिरडीच्या कपारीत, वारा न लागणाऱ्या जागी,
ही मळसूत्रासारखी पिळदार मंडळी.
आणि दाताच्या पाठीवर चिकटून बसलेले ते गोडखाऊ,
साखर खातात, आंबट सोडतात,
दात विरघळतो चुन्याच्या खड्यासारखा.
शेजारचे ते आंबट मारत राहतात. जमेल तेवढं.
"भांडण रोजचंच आहे, मावशी.
पण दर तासाला गोड चहा गेला
की एकाच घरची चूल पेटती राहते."

"म्हंजे गावच की," नागरबाई म्हणाल्या.
"आडनावं काय हेंची?"
"लॅटिन आहेत."
"असू द्या."

मग पदरानं ओठ पुसत,
"पहिल्यांदा कुठून आले म्हणावं?"
मॅडम हातमोजे काढत होत्या, सहज बोलल्या,
"आईकडून बहुतेक. घास चावून भरवला असेल ना तुम्हाला?"

बाहेर उमरग्याची गाडी लागली, कंडक्टर ओरडत होता.
नागरबाई पडद्याकडं बघत राहिल्या.

विसर्जनानंतरची ती पहाट मला ऐकून ठाऊक आहे.
त्या सासरी होत्या, पदराला लेकरू.
माहेरी दोन हात रुंद दगडी भिंती, वर मातीचं धाबं.
फोटो सापडला नाही. तांब्या सापडला नाही.
नंतर सरकारनं माहेर उचलून दोन मैलांवर ठेवलं,
सरळ रस्ते, घरांवर आकडे,
आणि राखीला गेल्यावर ह्या दरवर्षी चुकायच्या.

"दात काढल्यावर हे कुठं जातेत?"
"दातावरचे जातात. धरायला कडक जागाच उरत नाही."
इथं मला गप्प बसवेना.
"कवळी बसवली की येतात परत, काकू.
गुलाबी प्लॅस्टिकवरसुद्धा घरं करतात.
म्हणून रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची."

"नव्या गावात," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, म्हणाल्या.

पाच काढले.
सहावा, उजवीकडचा सुळा, त्यातल्या त्यात घट्ट.
"एवढा राहू द्या."
मॅडमनी समजावलं, एका दातानं कवळी अडते,
किटण साचतं, हिरडी सुजते,
पुन्हा तुम्हीच ओरडत याल.
"येईन की. यष्टी हाय."

मला साचा दुसऱ्यांदा घ्यावा लागला.
मेणाच्या ओळीत खिडकी ठेवली, कानशीनं
कड गोल केली, सुळ्याला टोचू नये इतकी.
मिश्री सोडा म्हणालो. बघू म्हणाल्या.
जाताना पिशवीत मऊ ब्रश टाकला,
एका दाताला पुरेल असा, लहान मुलाचा,
दांड्यावर ससा असलेला. दुसरा नव्हता दुकानात.

बिलात पंधरा दातांची कवळी लिहायची, तर हात थांबला.
खालच्या ओळीला माझे दात किती आणि त्यांचे किती,
हे मांडायला वहीत रकानाच नाही.